घर परवडते, ठिकाण परवडेल का?

मुंबई-ठाण्यातील घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्याने मध्यमवर्गीय कुटुंबांनी अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, वांगणी, नायगाव, विरार या पट्ट्याकडे मोर्चा वळवला आहे. मात्र, कमी किमतीच्या घराच्या ठिकाणात काही ना काही उणीव असतेच. बहुतेकदा त्या उणिवेमुळेच ते घर स्वस्त असते. ती काळाबरोबर भरून निघेल की घराला कायमची चिकटून राहील, याचा निवाडा खरेदीदाराने पहिला हप्ता देण्याआधीच केला पाहिजे.

प्रवासाचा हिशेब

अंतर ही न बदलणारी उणीव. बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर आहे. जलद लोकलने जायचे तरी सुमारे दीड तास लागतो. दूरचे घर दहा लाखांनी स्वस्त मिळाले, तर साडेआठ टक्के व्याजाच्या वीस वर्षे मुदतीच्या कर्जात दरमहा सुमारे ८,७०० रुपये वाचतात. पण घरातील दोघे नोकरी करणारे असतील आणि प्रत्येकाचा जाता-येता एकेक तास वाढला, तर २५ दिवसांत १०० तास प्रवासात जातात. स्थानकापर्यंतच्या रिक्षासाठी दोघांचे मिळून रोजचे १२० रुपये धरले, तरी महिन्याला तीन हजार रुपये होतात. उरलेल्या ५,७०० रुपयांत ते कुटुंब आपला एकेक तास ५७ रुपयांना विकत असते. नोकरी ठाण्यात किंवा कल्याणात असेल तर हेच गणित पूर्णपणे बदलते. त्यामुळे शेजाऱ्याला परवडलेले ठिकाण आपल्यालाही परवडेल, असे मानण्यात अर्थ नाही.

रेल्वे सुधारेल, या भरवशावर निर्णय घेणेही धोक्याचे आहे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेचा समावेश असलेल्या एमयूटीपी-३ए प्रकल्पाला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. मंजुरी आणि प्रत्यक्ष धावणारी गाडी यांच्यात जाणारी वर्षे कर्जाच्या हप्त्यांतूनच मोजावी लागतात.

पाणी आणि शेजार

पुराचा धोका याहून गंभीर आहे. उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसराला २००५ मध्ये तडाखा दिला. २०१९ आणि २०२१ मध्येही सखल भागांत पाणी शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पट्टा पाण्याखाली गेला होता. नदीकाठच्या भूखंडासाठी निळी व लाल पूररेषा पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द निळी रेषा दाखवते, तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. घर पाचव्या मजल्यावर असले तरी पाण्याचा पंप, विजेचे मीटर आणि वाहने तळमजल्यावरच असतात, हे विसरता येत नाही.

औद्योगिक वसाहतीच्या शेजाराचेही तसेच. डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांची झळ आसपासच्या निवासी इमारतींनाही बसली.

कायदा कुठवर पुरतो?

महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी असणे आवश्यकच आहे. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा लांबल्यास व्याज मागता येते आणि बांधकामातील दोषांसाठी विकासक पाच वर्षे जबाबदार असतो. जाहिरातीतील खोट्या माहितीच्या आधारे पैसे भरले असतील, तर भरपाईही मागता येते. पण संकुलाबाहेरचा 'प्रस्तावित' रस्ता, शाळा किंवा पाणीयोजना विकासकाच्या हातात नसते. विकास आराखड्यात शाळेचे आरक्षण दिसते म्हणून शाळा होईलच असेही नाही. दहा वर्षांत जागेचे संपादन झाले नाही, तर जमीनमालकाला रीतसर सूचना देऊन आरक्षण संपुष्टात आणण्याचा मार्ग १९६६ च्या नगररचना कायद्यात आहे.

बाजारपेठ, दवाखाना, रिक्षाथांबा या सोयी वस्ती वाढली की सहसा येतात. त्यांच्यासाठी चार-पाच वर्षे कळ काढता येते. शाळेत जाणारी मुले किंवा आजारी वडीलधारी माणसे घरात असतील, तर मात्र तेवढी कळही परवडत नाही.

म्हणून पाहणी रविवारी दुपारी नव्हे, तर कामाच्या दिवशी सकाळी, आणि शक्य असल्यास भर पावसाळ्यात करावी. शेजारच्या जुन्या सोसायटीत टँकरचा मासिक खर्च विचारावा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तयार घर घेतल्यास जीएसटी लागत नाही. बांधकाम सुरू असलेल्या, ४५ लाखांपर्यंतच्या आणि मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राच्या घरावर २०१९ पासून तो एक टक्का आहे. किमतीतील फरक फार नसेल, तर तयार घराचा मोठा लाभ हाच की रस्ता, पाणी आणि शेजार प्रत्यक्ष पाहून निर्णय घेता येतो. जे आज आहे त्याचेच पैसे मोजावेत; जे येणार असे सांगितले जाते त्यासाठी चौरस फुटामागे जादा भाव देऊ नये.