साप कुठला पाळू, काका?

परवा संध्याकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. आमच्या गल्लीतला एक पोरगा गाडी लावून जवळ आला. कॉलेजचं शेवटचं वर्ष. मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, यातला कुठला घेऊ?"

मला वाटलं बुटांचे फोटो असतील. बघतो तर साप! एक तपकिरी-काळा, गोळा होऊन बसलेला. दुसरा नारिंगी, अंगावर लाल चट्टे. आणि तिसरा आपल्याच मातीतला मांडूळ. तिन्हींचे भाव कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेले.

"येडा झालास का?" हे शब्द अगदी तोंडावर आले होते. पण गिळले. वीस वर्षं बातम्या देतोय, एवढं कळलंय की पोराला हाकललं की तो दुसऱ्याला विचारतो, आणि तो दुसरा बहुतेक वेळा विकणाराच असतो. म्हणून त्याला बसवलं, अजून एक कटिंग सांगितला आणि एकेक साप घेतला. तेच इथे लिहितोय. कारण रील बघून साप पाळायची हौस आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही, तालुक्याला पोचली आहे.

पहिला फोटो बॉल पायथनचा. हा आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा अजगर. भ्याला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. विष नाही, स्वभाव शांत, लांबी साधारण ३ ते ५ फूट. ऐकायला सोपं वाटतं. पण हा खाण्याच्या बाबतीत नवरदेवापेक्षा रुसका. काही महिने तोंडच लावत नाही, आणि मालक घाबरा होतो. त्याला पेटीची एक बाजू ३०-३२ अंशांच्या आसपास उबदार लागते, दुसरी जरा थंड, वर हवेत ओलावा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ ला जातो आणि दुपारी लाईट जाते. माणसं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसतात, तिथे काचेच्या पेटीतल्या जिवाचं काय होणार?

दुसरा कॉर्न स्नेक. हा अमेरिकेचा. नवख्या माणसाला जमेल असा साप म्हणून जगभर हाच सुचवतात, आणि ते खोटं नाही. खायला नखरे नाहीत, हाताळायला बरा, थंडी-ऊन बॉल पायथनपेक्षा जास्त सोसतो. पण पळण्यात पटाईत. झाकणाला बोटभर फट राहिली की गेलाच. मग शेजारच्या मावशींच्या मोरीत नारिंगी साप निघाला तर त्या "हा बिनविषारी अमेरिकन आहे" म्हणून थांबणार नाहीत. काठीच उचलणार. त्यांची चूकही नाही.

म्हणजे दोघांतच निवडायचं असेल तर कॉर्न स्नेक. एवढं सरळ उत्तर मी त्याला दिलं. पोरगा खूश झाला. मी म्हटलं, थांब, अजून संपलं नाही.

बॉल पायथन नीट सांभाळला तर २०-३० वर्षं जगतो. कॉर्न स्नेक १५-२० वर्षं. "तू आज एकवीसचा. तुझं लग्न होईल, पोरं शाळेत जातील, तोवर हा पेटीत असणार. नोकरीला पुण्याला गेलास तर कोण सांभाळणार? आई?" तो हसला. त्याची आई पाल दिसली तरी घर डोक्यावर घेते. "आणि याला उंदीर लागतात, तेही स्वच्छ पाळलेले. गटारीतला उंदीर टाकला तर विषबाधेचा, रोगाचा धोका. तू उंदीर पाळणार का मग? साप आजारी पडला तर आपल्या जनावरांच्या दवाखान्यात नेणार? तिथले डॉक्टर म्हशीचं बाळंतपण डोळे मिटून करतील, पण अजगराच्या छातीत कफ झालाय हे बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नाही."

आता कागदाचं बोलू. विकणारे सांगतात, "विदेशी साप लीगल आहे, टेन्शन नको." हे अर्धसत्य. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर ज्यांच्याबाबत नियंत्रण आहे ते विदेशी प्राणी त्यात वेगळ्या अनुसूचीत आले, बॉल पायथन त्यातलाच. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी जवळ असेल तर परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पिल्लं झाली, दुसऱ्याला दिला, मेला, तरी कळवावं लागतं. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. पण तो इथे आला कसा, हा प्रश्न राहतोच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. आपल्याकडे तस्कर हे एका गरीब, बिनविषारी सापाचं नाव आहे. खरे तस्कर दोन पायांचे. व्हॉट्सॲपवरचा भाव कागदाशिवाय असेल तर तो साप असाच कुठल्या तरी पुड्यातून आला, असं समजून चाला.

आणि मांडूळ? तिथे निवडीचा प्रश्नच नाही. मांडूळ, धामण, अजगर, नाग, आपल्याकडचा कुठलाही साप पकडून घरात ठेवणं, विकणं गुन्हा आहे. अजगर तर अनुसूची १ मध्ये. त्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्यात किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं शिक्षा आहे. मांडुळाला दोन तोंडं नसतात, शेपूट बोथट असते एवढंच. शत्रूने शेपटीलाच डोकं समजावं म्हणून निसर्गाने केलेली सोय. त्याने गुप्तधन सापडत नाही, पैशाचा पाऊस पडत नाही. सापडतो तो उंदीर, आणि तो खाऊन मांडूळ शेतकऱ्याचं धान्य वाचवतो.

हे सांगताना माझी मान जरा खाली गेली. त्याचं कारणही लिहितो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी इथे मांडुळासकट तिघं पकडले गेले. मला जी माहिती मिळाली तिच्यात एक ओळ होती, "आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत कोट्यवधी रुपये." मी ती ओळ उचलली आणि थेट मथळ्यात टाकली. बातमी पान एकवर लागली, मला शाबासकी मिळाली. कुठला बाजार, कोण विकत घेतो, कशासाठी घेतो, एकही प्रश्न मी विचारला नाही. पुढच्या आठवड्यात एका खेड्यातले दोन तरुण मला शोधत ऑफिसला आले. त्यांच्या रानात मांडूळ निघाला होता, गिऱ्हाईक कुठे मिळेल हे विचारायला. माझी बातमी त्यांनी जाहिरात म्हणून वाचली होती. पत्रकारितेच्या डिप्लोमात मथळा कसा आकर्षक करायचा ते शिकवलं, तो मथळा रानातल्या बिळापर्यंत जातो हे मात्र त्या दोघांनी शिकवलं. त्या दिवसापासून मी मांडुळाची किंमत छापलेली नाही. माझ्या पत्रकार बंधूंनाही हात जोडून सांगतो, गुन्हा छापा, आरोपी छापा, भाव छापू नका.

सर्पमित्रांशीही बोलायचंय. तुमच्यामुळे कितीतरी साप आणि माणसं वाचतात, त्याला सलाम. पण पकडलेला साप चार दिवस बरणीत ठेवून रील काढणं ही मैत्री नव्हे. त्या रीलखालीच "कुठे मिळेल" विचारणारी पोरं तयार होतात. शेवटी दंश झाला तर विदेशी विषारी साप हा वेगळाच घोर. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनते. बाहेरचा विषारी साप चावला तर तालुक्याच्याच काय, जिल्ह्याच्या दवाखान्यातही डॉक्टर काय टोचणार?

आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यात बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. अशा मुलखात सापाची आवड असलेला पोरगा ही खरं तर गरजेची गोष्ट आहे. म्हणून मी त्याला नुसतं "नको" म्हणून उठवलं नाही. म्हटलं, साप आवडतो ना, मग चार विषारी साप आधी ओळखायला शीक. वनखात्याकडे नाव दे, जुन्या, शहाण्या सर्पमित्राबरोबर दोन पावसाळे फिर. चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे न नेता दवाखान्यात कसं न्यायचं, हे वाडी-वस्तीवर सांग. एवढं करूनही पाळायचाच असेल तर स्वतःचं घर, स्वतःची कमाई झाल्यावर, कागद असलेला, पिंजऱ्यात जन्मलेला साप घे. तेव्हा मी आडवा येणार नाही.

त्याने फोन खिशात टाकला. "मांडूळ डिलीट केला काका," एवढंच म्हणाला. बाकीचे दोन फोटो अजून आहेत की नाहीत, मी विचारलं नाही. पण जाताना त्याने विचारलं, "मण्यार आणि कवड्या यांच्यात फरक कसा ओळखायचा?"

उत्तर मलाही पक्कं येत नव्हतं. रविवारी दोघं मिळून एका सर्पमित्राकडे जाणार आहोत. अजून कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. साप विकत घ्यायची चौकशी मात्र इथे करू नका, उत्तर मिळणार नाही.