होळी जळाली, पण थंडी?

शिमगा होऊन आठवडा लोटला, तरी यंदा रत्नागिरीकडील आमच्या अंगणांतून थंडीचा पाय निघेना. घरांतील दोन्ही नातवंडें पहांटे गोधडीबाहेर डोकें काढावयास तयार नव्हतीं. अखेर नारळाचीं सोडणें व पाचोळा गोळा करून आम्हीं शेकोटी पेटविली. सूनबाईंनीं आलें-गूळ घातलेला काढा आणून दिला, आणि दोघेंही एकाच गोधडींत गुरफटून आमच्या शेजारीं येऊन बसलीं.

हात शेकतां शेकतां आठ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, 'होळी जळाली, थंडी पळाली' असें तुम्हींच सांगितलेंत ना? मग ही पळाली कां नाहीं?"

आम्हीं तिला समजेल असें सांगितलें. भूमध्य समुद्राकडून इराण व अफगाणिस्तान ओलांडून वाऱ्यांचे आवर्त येतात आणि हिमालयावर बर्फ पाडतात. ते पुढें सरले म्हणजे त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचे कोरडे, गार वारे खालीं महाराष्ट्रापर्यंत उतरतात. हे आवर्त मुख्यतः हिंवाळ्यांतले. परंतु एखाद्या वर्षीं फाल्गुनांतही त्यांची ये-जा चालूच राहते.

"म्हणजे वारे पंचांग वाचीत नाहींत!" नात म्हणाली.

इतक्यांत धाकट्या नातवानें परसांतील हापुसाखालून वाटाण्याएवढ्या गळलेल्या कैऱ्या मूठभर आणल्या. "ह्यांना थंडी वाजली का?" हा त्याचा प्रश्न. तो अगदींच चुकीचा नव्हता. थंडी लांबली म्हणजे हापुसास पुन्हां मोहोर फुटतो; त्यास पुनर्मोहोर म्हणतात. झाडाचें पोषण नव्या मोहोराकडे वळतें आणि आधीं धरलेलीं बारीक फळें गळून पडतात. आमच्या घरीं चार आंबे कमी पिकतील, एवढेंच. बागाईतदाराच्या वर्षाच्या मिळकतीस मात्र त्यानें धक्का बसतो.

नातीस शाळेंत 'वसंत ऋतु' या विषयावर निबंध लिहावयाचा होता. "कोकिळा आणि मंद वारा, हें पुस्तकांत आहे. तेंच लिहूं ना?" असें तिनें विचारलें, आणि आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली.

पंचांगांत फाल्गुन वद्य प्रतिपदेस वसंतोत्सवाचा आरंभ दिलेला असतो. त्याच सुमारास वर्गास आम्हीं हाच विषय घातला होता. घाटाच्या पायथ्याच्या गांवाहून चालत येणाऱ्या एका मुलानें लिहिलें होतें, "वसंतांत आमच्या घरीं पहांटे शेकोटी करतात." आम्हीं तांबड्या शाईनें तें वाक्य खोडलें व समासांत लिहिलें, "वसंतांत शेकोटी नसते." त्या मुलाच्या अंगावर विरलेला एकच सदरा होता. तो आम्हांस रोज दिसत होता. तपासतांना मात्र दिसला नाहीं. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत मदनाच्या साह्यास अकालीं अवतरणारा वसंत आम्हीं वर्गांत रंगवून शिकविला; परंतु एका मुलाच्या अकालीं थंडीस वहींत जागा दिली नाहीं. तो मुलगा पुढें कोठें गेला, हें आम्हांस ठाऊक नाहीं. त्याची क्षमा मागण्याचा मार्ग आतां उरला नाहीं.

नातीस आम्हीं सांगितलें, "बाळ, कोकिळा ऐकलीस तर कोकिळा लिही. यंदा शेकोटी पाहिलीस. ती आधीं लिही."

ती लगेच पाटी-दप्तर घेऊन शेकोटीपाशींच लिहावयास बसली. धाकट्यानें आपल्या कैऱ्या तिच्यासमोर मांडून बजावलें, "ताई, ह्याही लिही."