पोटखराब्यातलं फूल

थंडीत मोडनिंबच्या बाजारात बोरांचे ढीग लागतात. ही बोरं उमराण जातीची असली तरी उमराण स्वतःच्या मुळावर उभं नसतं. गावठी बोराच्या खुंटावर त्याचा डोळा भरतात, म्हणून ते आपल्या मुरमाड, कोरड्या रानात तग धरतं. ज्या माळावरच्या बोराटीनं आपल्याला हा खुंट दिला, त्या माळाचं नाव आपल्या सात-बारावर काय आहे? पोटखराबा. आणि बोलण्यात, पडीक.

भाद्रपदात या पडीकात बोराटीच्या जाळीशेजारी गुडघे टेकून बसावं. काट्यांच्या आधारानं बोटभर जाडीचीही नसलेली एक वेल वर चढलेली दिसते, पानं जरा मांसल. ही पाताळतुंबडी, काही ठिकाणी खरपुडी म्हणतात. कंदीलपुष्पांच्या कुळातली. फूल जेमतेम इंचभर. खाली फुगीर, मध्ये नळी, वर जांभळट पाकळ्या टोकाला एकत्र जुळलेल्या. चिलटाएवढी माशी वासानं आत शिरते आणि नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते. फुलाचं काम झालं की केस सुकतात, वाट मोकळी होते आणि माशी परागांच्या पुड्या घेऊन बाहेर पडते. उन्हाळाभर या वेलीचा मागमूस नसतो. जमिनीखाली चपटा कंद पहिल्या पावसाची वाट बघत पडून असतो. तो गुराख्यांनी खाल्ला, दुष्काळात गरिबांनी खाल्ला. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९५ साली तिचं शास्त्रीय नाव नोंदवलं. सव्वादोनशे वर्षं उलटली, आणि आपल्यातल्या शिकल्यासवरलेल्यांनाही ती ओळखता येत नाही.

तीच गत आणखी एका फुलाची. नागदवण्याच्या कुळातल्या एका जातीला शास्त्रज्ञांनी २०१४ साली आपल्या जिल्ह्याचं नाव दिलं, क्रायनम सोलापुरेन्स. जगाच्या वनस्पतिशास्त्रात सोलापूर हा शब्द एका फुलावर कोरला गेला. आपल्या किती शाळांच्या भिंतीवर हे फूल रंगवलेलं आहे?

या अज्ञानाला मी अपराध म्हणतो, कारण त्याच्या हातात नांगर आहे, जेसीबी आहे, काडेपेटी आहे. फाल्गुनात गवत पेटवून देणारे हात आपलेच. उजनीचं पाणी आलं तसा ऊस माळावर चढला, त्यात शेतकऱ्याची गरज होती हे मी नाकारत नाही. पण जिथं ऊस चढू शकत नाही तो तुकडाही आपल्याला सुखानं बघवत नाही. तिथून मुरूम उपसायचा, नाहीतर झाडं लावायची. २०१९ साली राज्यानं ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला. माळावर आधीपासून एक जिवंत रान आहे, त्यात खड्डे काढू नयेत, हे तेव्हा गावोगावच्या किती सुशिक्षितांनी उठून सांगितलं? गवताळ माळावर सावली आणणं म्हणजे तिथल्या रहिवाशाला घराबाहेर काढणं आहे. नान्नजच्या माळढोकाच्या माळावरसुद्धा एके काळी ग्लिरिसिडिया लावली गेली. उघड्या माळावर जगणाऱ्या पक्ष्याला आपण झाडी दिली, आणि आज तो पक्षी शोधावा लागतो.

मोडनिंबच्या बाहेर एका बांधापलीकडच्या जाळीत मी तीन पावसाळे ही वेल बघितली. शेजारचे मालक दर वेळी विचारायचे, "सर, तिथं काय हाय? नुस्तं पडीक." मी फूल दाखवलं, तेव्हा ते वाकून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आमच्या आईनं हा कंद उकडून दिलेला. फूल मात्र कधी बघितलंच न्हाई." चौथ्या वर्षी मी गेलो तेव्हा जाळीच नव्हती. रस्त्याच्या भरावासाठी रान पुरुषभर खोल खणलं होतं. काठावरच्या ढिगात मालकांनीच दोन कंद उकरून काढले. एक फाटला होता. दुसरा त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधला आणि घराजवळच्या बोराटीच्या बुडाशी, दगड बाजूला सारून, स्वतः पुरला.