नुनो द कुन्हाचा कारभार : खाडीची साक्ष

कोलशेतच्या विसर्जन घाटावर उभं राहिलं की समोर उल्हासची खाडी पसरलेली दिसते. पैलतीरावर काल्हेर, त्याच्या शेजारी अंजूर. उजव्या हाताला पाणी वर कल्याणकडे जातं आणि डाव्या हाताला गायमुख, घोडबंदर करत वसईपाशी समुद्राला मिळतं. ठाणे आणि वसई यांच्यामधली जुनी मोठी वाट म्हणजे हे पाणी. या वाटेच्या तोंडाशी असलेली वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेली. ती घेणारा गव्हर्नर नुनो द कुन्हा. त्याची कारकीर्द १५२९ ते १५३८.

वसई-ठाण्याच्या इतिहासाची आवड अलीकडे वाढली आहे. तरुण मुलं किल्ले पाहायला जातात, वाचतात, बोलतात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण या बोलण्यात एक सूर सारखा कानावर येतो, की नुनो द कुन्हा हा या भागाचा दूरदर्शी घडवणारा होता. हे मत मला मान्य नाही. खोडून काढण्याआधी ते प्रामाणिकपणे मांडायला हवं, म्हणून आधी पूर्वपक्ष.

पूर्वपक्षाचे मुद्दे चार. पहिला, वसई तलवारीनं नव्हे तर तहानं मिळाली. गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं ती आपल्या सहीशिक्क्यानं दिली. दुसरा, या राजवटीनं किल्ला, शहर आणि व्यापार उभा केला, नवी पिकं आणि नवे शब्द दिले. तिसरा, नुनो स्वतः सचोटीचा माणूस होता. आणि चौथा, सोळाव्या शतकातल्या माणसाला आजच्या मापानं मोजू नये.

तहापासून सुरुवात करू. २३ डिसेंबर १५३४ रोजी ‘साव मातेउश’ या गलबतावर तह झाला, हे खरं. पण त्या तारखेच्या आधीची चार वर्षं पाहा. १५३० मध्ये सुरत आणि रांदेर जाळली गेली, आपली आगाशीही सुटली नाही. १५३१ मध्ये नुनोनं मुंबईच्या बंदरात सुमारे ४०० लहानमोठ्या गलबतांचं आरमार गोळा केलं आणि दीववर चाल केली. वाटेत शियाळ बेटावर कत्तल झाली. दीव मात्र हाती आलं नाही. जानेवारी १५३३ मध्ये त्यानं वसईवर हल्ला केला आणि तिथली तटबंदी जमीनदोस्त केली. इकडे समुद्रावरून ही आग, तिकडे उत्तरेकडून हुमायूनचं संकट. दोन्हीकडून कोंडलेल्या बहादूरशहानं सही केली. घराला आग लावून मग घरमालकाकडून खरेदीखत लिहून घ्यायचं, आणि त्याला राजीखुशीचा व्यवहार म्हणायचं, हे न्यायाला धरून नाही.

शिवाय तहाची कलमं वाचा. त्यात वसईच्या जमिनीबरोबर समुद्रही लिहून घेतला होता. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईहून निघायचं, तिथे पोर्तुगीज परवाना घ्यायचा, परतताना पुन्हा वसईलाच येऊन जकात भरायची. या परवान्याचं नाव ‘कार्ताझ’. सुलतानानं आपल्या बंदरांत लढाऊ जहाजं बांधायची नाहीत, हेही त्यात आलं. जो समुद्र पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांचा होता त्यावर चालायला आता चिठ्ठी लागू लागली. चिठ्ठी नसेल तर जहाज जप्त. अशा कराराला तह म्हटलं तरी त्याचा अर्थ खंडणीच राहतो.

त्याच तहात एक कलम नुनोच्या बाजूचं आहे, तेही सांगतो. वसईच्या उत्पन्नातून मशिदींना जी रक्कम जात होती ती तशीच चालू ठेवावी, असं त्यात ठरलं होतं. नुनोनं ते मान्य केलं. पण एक तप उलटतं न उलटतं तोच, १५४० च्या दशकात, पोर्तुगालच्या राजाच्या हुकमानं मशिदींचं हे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवण्यात आलं. ज्या तहाचा दाखला पूर्वपक्ष देतो, तो तह स्वतः पोर्तुगीजांनीच पाळला नाही. आणि सही करणाऱ्या बहादूरशहाचं काय झालं? फेब्रुवारी १५३७ मध्ये तो दीवजवळ गव्हर्नरच्या भेटीला त्याच्या जहाजावर गेला. परतताना चकमक झाली आणि तो समुद्रात मेला. आधी हात कोणी उचलला याबद्दल दोन्हीकडच्या तवारिखा वेगवेगळं सांगतात. भेटीला आलेला सुलतान जिवंत परतला नाही, एवढं मात्र दोघांनाही मान्य आहे.

दुसरा मुद्दा भरभराटीचा. याला उत्तर एका पोर्तुगीजानंच देऊन ठेवलं आहे. पुढे गव्हर्नर झालेला जुआंव द कास्त्रो १५३८ मध्ये भारतात आला आणि गोव्याहून दीवकडे जाताना त्यानं किनाऱ्याचं बारकाईनं वर्णन लिहिलं. त्याला ठाणं उद्ध्वस्त दिसलं. तिथे एकेकाळी जरीच्या कापडाचे ९०० आणि पांढऱ्या कापडाचे १२०० माग होते, अशी नोंद त्यानं केली. नुनोच्या कारकिर्दीचं हे शेवटचं वर्ष. ज्या गावाचं कापड मार्को पोलोच्याही आधीपासून परदेशी जात होतं, त्याची ही दशा. सगळा दोष एकट्या नुनोवर टाकणार नाही. १५२९ मध्ये ठाण्याकडून पहिली खंडणी घेतली ती आधीच्या गव्हर्नरच्या सरदारानं, आणि गुजरातचे अंमलदारही काही संत नव्हते. पण ज्याच्या कारकिर्दीअखेर ठाण्याचे माग थंड पडलेले दिसतात, त्याला ठाण्याचा घडवणारा कसं म्हणायचं?

वसई पुढे वैभवाला चढली, हे नाकारता येत नाही. प्रश्न इतकाच, की ते वैभव कोणाच्या खांद्यावर उभं राहिलं. या मुलखातली गावं पोर्तुगीज मानकऱ्यांना ठरावीक सारा भरण्याच्या अटीवर तोडून दिली जात. त्या साऱ्याचं नाव ‘फोरो’. मुंबईच्या फोरास रोडच्या नावात तो शब्द अजून जिवंत आहे. १५५४ मध्ये सिमांव बोतेल्यो या अधिकाऱ्यानं या सगळ्या उत्पन्नाचं दफ्तर तयार केलं. त्यात गावांची नावं आहेत, आकडे आहेत आणि भात मोजण्याचं माप म्हणून आपला ‘मुडा’ आहे. भाताला पोर्तुगीजांनी ‘बाते’ म्हटलं तेही आपल्याच तोंडून ऐकून. म्हणजे शेत आपलं, बियाणं आपलं, माप आपलं, शब्दसुद्धा आपला. फक्त धान्य ज्या कोठारात जायचं त्याचा मालक बदलला.

मुंबई बेट ज्याला भाड्यानं मिळालं होतं, तो वैद्य गार्सिया द ओर्ता. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात तो इथल्या लोकांची माहिती देतो. शेती करणारे कुणबी, बागा राखणारे माळी आणि राजाचा व जमीनदारांचा वसूल गोळा करणारे परभू, असे लोक तो सांगतो. यावरून स्पष्ट दिसतं, की नुनोच्या राजवटीला इथे नवा कारभार निर्माण करावा लागला नाही. गावगाडा तयार होता. ही राजवट त्याच्या डोक्यावर येऊन बसली.

पगार, चावी, बादली, पाव हे शब्द आपण रोज वापरतो. मिरची, बटाटा, काजू आपल्या ताटात आहेत. ही देणगी खरी. पण ती दिली खलाशांनी, व्यापाऱ्यांनी, स्वयंपाकघरांनी आणि बाजारांनी. शब्द माणसाच्या जिभेवरून येतात, बियाणं गाठोड्यातून. त्यांचं श्रेय गव्हर्नरच्या खात्यात जमा करणं म्हणजे पावसाचं श्रेय पाटलाला देण्यासारखं आहे.

तिसरा मुद्दा सचोटीचा. पोर्तुगीज इतिहासकार सांगतात, की परतीच्या प्रवासात १५३९ मध्ये मरताना नुनोनं शपथेवर म्हटलं, बहादूरशहाच्या खजिन्यातली पाच सोन्याची नाणी सोडली तर राजाचं काही माझ्यापाशी नाही, आणि तीही राजाला दाखवायला ठेवली आहेत. मी हे खरं मानून चालतो. त्याच्या हाताला लाच लागली नसेल. पण ज्या राजासाठी त्यानं दहा वर्षं राबून गावं जाळली, त्या राजाचा तो प्रामाणिक नोकर होता, एवढंच यातून सिद्ध होतं. वसुलीचा पैसा नोकरानं खिशात घातला की मालकाच्या तिजोरीत, यानं भात देणाऱ्या कुणब्याच्या कणगीत काय फरक पडला?

इथे फिलिपाइन्सचं उदाहरण घ्यायला हवं. ते फार दूरचं नाही, कारण १५८० ते १६४० अशी ६० वर्षं लिस्बनच्या गादीवर स्पेनचेच राजे होते. मनिला आणि वसई त्या काळात एकाच धन्याच्या होत्या. फिलिपाइन्सचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर मिगेल लोपेस द लेगास्पी. त्यानं १५६५ मध्ये बोहोल बेटावर तिथल्या सिकातुना नावाच्या प्रमुखाबरोबर रक्ताच्या थेंबांनी मैत्रीचा करार केला. तोच लेगास्पी त्याच वर्षी सेबूत उतरला आणि १५७१ मध्ये मनिला घेऊन बसला. तोही पैसा न जमवता मेला, म्हणून त्याचंही कौतुक होतं. पण त्यानं घालून दिलेल्या पद्धतीत गावं सरदारांना वाटली गेली आणि कुटुंबामागे ८ रेआल खंडणी बसली. आधी करार, मग वाटणी, मग वसुली, आणि शेवटी गव्हर्नरच्या साधेपणाची कथा. दोन समुद्रांवर हीच रीत दिसते, तेव्हा तिला एका चांगल्या माणसाचा स्वभाव म्हणून समजावून सांगता येत नाही.

चौथ्या मुद्द्याचं उत्तरही तिथेच आहे. त्या काळात हे सगळ्यांनाच योग्य वाटत होतं, असं जे म्हणतात त्यांनी १५७४ साल आठवावं. लेगास्पीनंतर गिदो द लावेसारेस गव्हर्नर असताना मार्तिन द रादा या ऑगस्टिनियन पाद्र्यानं मनिलाहून लेखी मत दिलं, की या बेटांपैकी एकही न्याय्य हक्कानं आपल्या हाती आलेलं नाही आणि ही खंडणी लोकांना झेपणारी नाही. लावेसारेसनं त्याला उत्तर लिहिलं. त्याचा आशय असा, की लोक सधन आहेत, त्यांना आमच्यामुळे संरक्षण आणि व्यापार मिळतो. त्याच्याही आधी, १५५२ मध्ये, लास कासास या स्पॅनिश पाद्र्यानं अमेरिकेतल्या जुलमाची हकिकत सेविल्यात छापली होती. म्हणजे आज जे आपण म्हणतो ते त्या काळातही, त्याच धर्माचा, त्याच राजाचा पाद्री म्हणत होता. आणि आजचा पूर्वपक्ष जे म्हणतो, ते तेव्हाचा गव्हर्नर म्हणत होता. काळाचं माप हवंच असेल तर ते रादाच्या हातचं घ्यावं.

आता दुसऱ्या टोकाला असलेल्यांना दोन शब्द. नुनोचा निषेध करता करता काही जण ठाण्या-वसईच्या आपल्या ख्रिस्ती बांधवांकडे बोट दाखवतात, जणू तेच पोर्तुगीजांचे वारस. हे साफ चूक आहे. त्यांचे पूर्वज याच मातीतले कोळी, कुणबी, आगरी, भंडारी; त्यांची बोली मराठी. ज्यांच्या पूर्वजांनी त्या राजवटीचा सारा भरला, त्यांनाच तिचा हिशेब विचारणं हा अन्याय आहे. राजवट आणि रयत यांत भेद केला नाही, तर नुनोचं खंडन करताना आपणही त्याच्यासारखेच वागू.

मग माझं मंडन काय? एवढंच, की कोणताही कारभार पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात. कोणाला विचारून तो बसला? त्याचा खर्च कोणी भरला? आणि नको म्हणायची सोय कोणाला होती? नुनो द कुन्हाच्या कारभाराला हे प्रश्न लावले की उत्तरं सरळ मिळतात. विचारलं फक्त कोंडीत सापडलेल्या सुलतानाला. भरलं गावांनी, मुडे मोजून. आणि नको म्हणायची सोय खाडीकाठच्या कोणालाच नव्हती. तो शूर होता, कदाचित सचोटीचाही होता. त्याचा कारभार मात्र बळानं बसवलेली वसुलीची व्यवस्था होता. पुढची दोनशे वर्षं तिच्याच पायावर उभी राहिली.

वसईच्या किल्ल्यावर जरूर जा. तिथल्या कमानी सुंदर आहेत, त्या जपल्याच पाहिजेत. पण जाताना बोतेल्योचं दफ्तर आणि कास्त्रोची नोंद मनात ठेवा, आणि त्या गावांच्या नावांत आपलं गाव शोधा. जमलं तर एकदा कोलशेतच्या घाटावर या आणि पलीकडच्या अंजूरकडे पाहा. त्या गावच्या गंगाजी नाईक अंजूरकरांनी या राजवटीविरुद्ध पेशव्यांकडे धाव घेतली, चिमाजीअप्पांच्या फौजेनं १७३७ मध्ये ठाणं घेतलं आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. नुनोच्या कारभारावर या खाडीकाठच्या माणसांनी दिलेला निकाल तोच आहे.