समुद्र बघायचा की ओव्हरटेक करायचा?

आम्ही महाळुंगे पडवळची माणसं. समुद्र आणि आमच्यामध्ये अख्खा सह्याद्री आडवा. म्हणून असेल कदाचित, पण कोकणात गेलो की मला किनारा चालतच बघायचा असतो.

दापोलीजवळ हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी अशी गावं ओळीने बसलीयेत. मुरुड ते कर्दे वाळूवरून मस्त चालत जाता येतं. पुढे लाडघरच्या आधी डोंगर समुद्रात घुसतो. मग फिरा मागे, धरा डांबरी.

सिडनीला ऑनसाइट गेलेले मित्र बाँडाय ते कूजी वॉकचे फोटो पाठवतात. सहा किलोमीटर, मध्ये तमारामा, ब्राँटी, क्लोव्हेली, आणि दोन किनाऱ्यांमधल्या कड्यांवर पायवाट, पायऱ्या, कठडे. वर हे ठरलेलं, "आपल्याकडे असलं काही होणारच नाही रे!" अरे, मग हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग काय आहे? डोंगराला वळसा, कातळातून पायऱ्या, पायाशी समुद्र. भरती असली तर उतरायचं नाही, एवढाच नियम. (तोही आपण पाळत नाही, ते सोडा.)

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं काम निघालंय. खाड्यांवर पूल हवेतच. आजारी माणसाला घेऊन खाडीला वळसा घालणाऱ्याला मी निसर्गसौंदर्य शिकवणार नाही. माझं भांडण आहे ते समुद्र म्हणजे गाडीच्या काचेतून बघायची वस्तू, या समजुतीशी. त्याच्या पुढची पायरी म्हणजे गाडी थेट वाळूत. कर्द्याला एक साहेब असेच रुतले होते. भरती चढतेय, गावातली पोरं दोर लावून ओढतायत, आणि हे आत बसून एसी बंद करायला तयार नाहीत! आंजर्ले, केळशीकडे कासवं अंडी घालतात. चाकोरीत पडलेलं पिल्लू पाण्यापर्यंत पोचत नाही, हे यांना कोण सांगणार?

आमच्या गावचे हुतात्मा बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोरून हटले नाहीत. तुलना फार मोठी झाली, कबूल. मी फक्त गाड्या वाळूच्या अलीकडे थांबवा म्हणतोय.

आणि गावाचा धंदा बुडेल म्हणणाऱ्यांनो, ऐंशीच्या स्पीडने जाणारा कोकम सरबताला थांबत नाही. चालणाऱ्याला तहान लागते, भूक लागते, मुक्काम लागतो. महामार्गाच्या खर्चात चार फुटी पायवाट, जांभ्याच्या पायऱ्या आणि भरतीच्या वेळांची पाटी म्हणजे किरकोळ खर्च. कर्दे-लाडघरपासून सुरुवात करा. तिथे एवढा एकच डोंगर आडवा येतो.