मेलेल्यांना काय हवे असते?

‘महानिर्वाण’ शिकवायला घेतले की वर्गात हशा पिकतो, आणि तो पिकायलाच हवा. सतीश आळेकरांचे हे नाटक १९७४ साली पुण्याच्या रंगभूमीवर आले. त्यातील भाऊराव हे कीर्तनकार. ते मरतात आणि आपल्याच मरणाचे कीर्तन लावतात. पुढे त्यांचा एकच हट्ट : जाळायचे तर जुन्याच स्मशानात, नव्या नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना चाळ, शेजारी आणि नगरपालिका यांची फोड करून सांगावी लागत नाही. मग परीक्षा येते आणि सारे जण ‘मृत्युविधींचा उपहास’ हे दोन शब्द लिहून मोकळे होतात. दोष त्यांचा नाही. आम्हीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो.

‘काती काती’ हा केनियाचा चित्रपट पाहिल्यावर मात्र या दोन शब्दांनी आमचे समाधान होईनासे झाले. म्बिथी मास्या यांचा हा चित्रपट २०१६ चा. स्वाहिलीत या नावाचा अर्थ ‘मधोमध’. कालेचे नावाची तरुणी माळरानावर जागी होते, अंगावर रुग्णालयाचा झगा, आठवण कसलीच नाही. समोर एक विश्रामगृह. तेथील थोमा तिला शांतपणे सांगतो की तू मेली आहेस. तेथे कागदावर मागणी लिहावी, वस्तू मिळते. खाणेपिणे आहे, नाचगाणे आहे. फक्त आवाराबाहेर जाता येत नाही. ना यम, ना दूत, ना न्यायासन. जो तो अडकला आहे तो स्वतः जे केले ते उच्चारता येत नाही म्हणून. त्यांतल्या एका धर्मगुरूच्या अपराधभावातून त्या देशातील वांशिक हिंसाचार डोकावतो. २००७ च्या निवडणुकीनंतर तेथे हजाराहून अधिक माणसे मारली गेली, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला अधिक सांगायला नको. (शेवट येथे सांगत नाही, वाचकांनी तो पाहावा.)

आता आपल्या मेलेल्यांकडे पाहू. मुंजा का भटकतो? लग्न राहिले म्हणून. जखिणीचा जीव संसारात राहिलेला असतो. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना की घाटावर जमलेली मंडळी अंदाज बांधू लागतात : धाकटीचे लग्न राहिले का, घराचा हप्ता राहिला का? कोणीतरी हात जोडून ‘आम्ही पाहतो’ म्हणते, कावळा शिवतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. त्या घाटावर ‘यांनी कोणाचे वाईट केले होते का?’ असे विचारलेले आम्ही तरी कधी ऐकलेले नाही. ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू एवढा गुन्हेगार. मेल्यावर त्यालाही हवे असते ते अंग! आपला मृत हा मागणारा मृत आहे. त्याची इच्छा राहिलेली असते, कबुली नव्हे.

यावर कोणी गरुडपुराण पुढे करील. तेथे पापपुण्याचा हिशेब आहेच, आणि शिक्षांची वर्णने तर अंगावर येतात. परंतु तो हिशेब चित्रगुप्त ठेवतो. वही त्याची, वाचणारा तो. मेलेल्याने नुसते ऐकायचे. ‘काती काती’मध्ये चित्रगुप्तच नाही, त्यामुळे आठवण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. आम्हांस हा फरक श्रद्धेचा कमी आणि कथनाचा अधिक वाटतो. मृताच्या तोंडी प्रथमपुरुषी एकवचन दिले तर त्या ‘मी’ने काय बोलायचे?

आळेकरांनी ते एकवचन दिले, वर कीर्तनासारखा घाट दिला, ज्यात बोलणाऱ्याला कोणी अडवत नाही. भाऊराव तोंडभर बोलतात. इकडे पत्नी रमा हिचे मन खांदा द्यायला आलेल्या एका पुरुषाकडे ओढले जाते आणि मुलगा नाना वडिलांच्या देहाचे करायचे काय या विवंचनेत फिरतो. भाऊरावांना आपल्या जाळण्याची जागा पडलेली. रमेबरोबर आपण कसे जगलो, हे या कीर्तनाचे आख्यान होतच नाही. ही नाटकाची उणीव नव्हे. आमच्या मते हेच त्याचे सर्वांत निर्दय निरीक्षण आहे, आणि विधींच्या उपहासावर बोट ठेवून आपण त्याला बगल देतो. विधी काय, बदलतातच. विद्युतदाहिनी आली, गॅसदाहिनी आली. स्वतःविषयी एक प्रश्न न विचारता मरणारा आणि मेल्यावरही न विचारणारा गृहस्थ मात्र बदलत नाही.

आमच्या गावातून ही चर्चा करताना आणखी एक गोष्ट मनात येते. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातले लष्करी छावणीचे ठिकाण. फाळणीनंतर सिंधमधून आलेले जवळजवळ लाखभर निर्वासित तेथील बराकींत उतरले आणि १९४९ साली गावाला हे नाव मिळाले. पण आजही पत्ता सांगतात तो ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ असाच. मधोमध अडकणे म्हणजे काय, हे या घरांतील मुलांना आम्ही शिकवण्याची गरज नव्हती. काय सुटले, काय राहिले याच्या कथा त्यांनी ऐकलेल्या असतात. त्या दिवसांत कोणी काय केले, याच्या कथा मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना क्वचितच सांगितल्या जातात.

चित्रपट दाखवल्यावर आम्ही वर्गाला एक काम दिले : भाऊराव त्या माळरानावरच्या विश्रामगृहात पोहोचले आहेत, हाती कागद आहे, त्यांनी काय लिहिले? बहुतेकांनी त्यांना पुन्हा जुने स्मशानच मागायला लावले. काहींनी टाळ आणि वीणा मागवली. एका मुलीच्या कागदावर मागणी नव्हती. तिचे भाऊराव नानाला एवढेच विचारतात, मी तुला कधी मारले होते का रे?