एका खोलीच्या घरातील आग

गॅसचा भडका उडून घर जळाले की पंचनामा होतो आणि बहुधा घरातील बाईचा निष्काळजीपणा नोंदवून कागद मिटवला जातो. आम्हाला हे मान्य नाही. नांदेड-लातूरच्या कोणत्याही वस्तीत जाऊन पाहा. एकाच खोलीत चूल, सिलिंडर, कपड्यांची दोरी, मुलांची दप्तरे आणि म्हातारीची बाज. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगडमातीच्या माळवदाची धास्ती बसली आणि घरांवर पत्रा आला. माळवदाला निदान धूर जायला झरोका असे. पत्र्याच्या खोलीला तो ठेवायचे कोणाला सुचले?

२०१६ साली उज्ज्वला योजना आली. सिलिंडर दारात आला, पण तो पुन्हा भरायला पैसे कोठून आणायचे? म्हणून तुराट्या-पऱ्हाट्यांची चूल परत पेटली, तीही सिलिंडरच्या शेजारी. सर्वात मोठा धोका हाच. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की जमिनीलगत पसरतो आणि चुलीतला एक निखारा त्याला पुरतो. चूल दाराबाहेर न्या. गॅसची शेगडी जमिनीवर न ठेवता सिलिंडरपेक्षा उंच ओट्यावर ठेवा. नळी पाच वर्षांनी बदला. वास आला तर रेग्युलेटर बंद करून दारे उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

पण ज्याला वासच नाही त्याचे काय? लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून माणूस बाहेर पळतो. निखाऱ्याला धूर नाही म्हणून तो निर्धोक वाटतो आणि तोच घात करतो. बंद खोलीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके दुखते, मळमळते, हातपाय गळतात. झोपलेल्याला तेवढेही कळत नाही.

आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात आणि वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावून घेतात. आई बेशुद्ध पडली, बाळ दगावले, तर दृष्ट लागली म्हणतात! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात देव-दैव नाकारलेल्या समाजाच्या घरात ही भाषा शोभते काय? शेक द्यायचा तर दार उघडे ठेवून द्या आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर काढा. शहरातल्या आमच्या नोकरदार बांधवांनीही ऐकावे: न्हाणीघरातला गॅस गिझर हीच शेगडी आहे, फक्त महाग. तो बाहेर बसवा.

आता हक्काचे बोलू. गॅस अपघातासाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो. ग्राहकाला त्याचा हप्ता नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत आणि नोंदणी असलेल्या पत्त्यावरील घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. आमच्या किती भगिनींना हे कोणी सांगितले? ऊसतोडीला गेलेले कुटुंब पाचटाच्या कोपीत सिलिंडर नेते. तिथे कोपी जळाली तर नोंदणीचा पत्ता गावाकडचा, म्हणून नुकसानभरपाईत हीच माणसे वगळली जातात. हा नियम बदलला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तेल कंपन्यांनी अलीकडच्या वर्षांत घरोघर मोफत सुरक्षा तपासणीची मोहीम राबवली. ती मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूरच्या वस्त्यांत किती पोचली, हे येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा एकमेकींना विचारा. ज्यांच्याकडे कोणी आले नाही त्यांची नावे लिहून एजन्सीला अर्ज द्या आणि पोच घ्या. एजन्सीने टाळाटाळ केली तर तीच पोच जोडून जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे जा.